नुसतं विचारायला आलेल्या बाया

लोक म्हणतात, तुम्ही किस्से छान सांगता, लिहून का ठेवत नाही? अहो, लिहून कशाला ठेवायचे? विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाहीत! सर्व्हेचं काम म्हणजे रोज लोकांच्या घरात शिरायचं, चपला दाराबाहेर काढायच्या आणि निघताना चपलांबरोबर एखादा किस्सा पायात अडकवून आणायचा. त्या चपला कधीच झिजल्या, टाकून दिल्या. किस्से मात्र जात नाहीत. सांगितले की लोक हसतात, मीही हसते आणि घरी जाऊन भांडी जरा जोरात आपटते.

आमचा प्रोजेक्ट होता बाळंतपणानंतरच्या काळजीचा. संस्था पुण्याची, गावं धाराशिव जिल्ह्यातली. निवडलेल्या गावांचे दोन भाग केले होते. अर्ध्या गावांत बाळंतिणीच्या घरी नर्स जायची. बीपी बघायची, टाके बघायची, बाळाचं वजन करायची, काय खा, काय करू नको ते समजावून सांगायची. उरलेल्या अर्ध्या गावांत नर्स नाही. तिथं फक्त आम्ही जायचो. आम्ही काय करायचो? प्रश्न विचारायचो! शेवटी दोन्हीकडच्या बाया ताडून बघायच्या. नर्सच्या गावातल्या बाया जास्त बऱ्या निघाल्या, तर नर्स सगळ्या गावांना मिळणार. नाही निघाल्या, तर नर्स सगळीकडूनच बंद. मोठे सर ह्याला 'सुबक रचना' म्हणायचे.

टीम आमची छोटी. मी कळंबची. शबाना नळदुर्गची, डोक्याला कायम रुमाल आणि तोंडाला कायम प्रश्न. जीप चालवायला परंड्याचे दत्तूमामा. आमच्या डोक्यावर सुपरवायझर गायकवाड सर आणि त्यांच्या डोक्यावर पुण्याचे हे मोठे सर. मोठे सर माणूस वाईट नाहीत हं. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी मोकळेपणानं देता आल्या असत्या.

*

ट्रेनिंग धाराशिवला एका मंगल कार्यालयात होतं. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाचा 'शुभविवाह' तसाच लटकत होता आणि त्याच्या खाली मोठे सर माइक धरून उभे.

"तुम्ही आरसा आहात," सर म्हणाले. "आरसा दाखवतो, बोलत नाही. सल्ला द्यायचा नाही. मान हलवायची नाही. 'अरे देवा' म्हणायचं नाही. ज्या गावांत नर्स नाही, तिथं तुम्ही एक शब्द जरी शिकवलात, तरी डेटा खराब!"

शबानाचा हात वर. "सर, बाई बोलता बोलता चक्कर येऊन पडली तर?"

"नोंद करायची."

"आणि उठलीच नाही तर?"

सरांना प्रश्न आवडला. ते चक्क हसले. "तर वर कळवायचं. तुम्ही सुपरवायझरला, सुपरवायझर मला, मी कमिटीला. कमिटी सांगेल तसं."

"आणि तोपर्यंत बाईचं काय करायचं?"

"तोपर्यंत तिला पुढचा प्रश्न विचारायचा नाही," सर गंभीर होऊन म्हणाले. "उगाच त्रास नको. आपले एथिक्स फार कडक आहेत!"

दत्तूमामा दारात उभे राहून ऐकत होते. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "ताई, मंग तुमच्यापरीस कॅमेरा लावलेला बरा की! त्याला डबा तरी लागत न्हाय." मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

*

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात पुण्याहून फोन. मोठे सर तापलेले.

"अर्ध्या बाया 'घरी नाहीत' असं का येतंय? तुम्ही जाता तरी का गावात?"

"सर, त्या माहेरी गेल्यात," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"पहिलटकरणी सगळ्या. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं ना सर."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे आधी कुणी का नाही सांगितलं? आपण यादी सासरच्या पत्त्यावर काढलीय!"

आता ह्याला काय उत्तर देणार? पुण्यात बसून दोन वर्षं खलबतं केली, परदेशातून पाहुणे येऊन बघून गेले आणि बाई बाळंतपणाला कुठं जाते हे कुणी कुणाला विचारलं नाही! माझी जीभ काही ताब्यात राहिली नाही. मी विचारलं, "सर, मॅडम कुठं होत्या पहिल्या वेळी?"

"कोण, आमची ही? ही साताऱ्याला होती, आईकडे," सर म्हणाले. "पण तो आमचा घरगुती प्रश्न झाला."

मग आम्हाला हुकूम आला की बाळंतिणी माहेरी असतील तिथं जाऊन शोधा. कुणी भूमला, कुणी बार्शीला, कुणी पार पलीकडं कर्नाटकात. दत्तूमामा खूश. त्यांच्या जीपला एवढी गावं कुणी दाखवली नव्हती.

*

प्रश्नावली टॅबवर असायची आणि अक्षरशः जशी आहे तशीच वाचायची. एक प्रश्न मला आजही पाठ आहे. 'प्रसूतीपश्चात कालावधीत आपणांस आरोग्यसेवा प्रदात्याकडून समुपदेशन प्राप्त झाले का?'

परंड्याकडच्या एका गावात मी हे वाचलं. बाळंतीण माझ्याकडं बघत राहिली, तिची सासू तिच्याकडं बघत राहिली. शेवटी सासू म्हणाली, "आगं, हो म्हण की! शिकलेली बाई हाय, काय वाईट थोडंच इचारंल?"

बाळंतीण म्हणाली, "हो."

झालं! त्या बाईला समुपदेशन प्राप्त झालं. टॅबनं ते मान्यही केलं.

दुसरा नियम म्हणजे मुलाखतीच्या वेळी बाई एकटी पाहिजे. अहो, एका खोलीचं घर, त्यात सासू, नणंद, दोन शेजारणी, दाराशी बांधलेली शेळी. एकटी कुठून आणायची? मग ह्यावर आमची युक्ती म्हणजे दत्तूमामा. मामा ओट्यावर बसून पाणी मागायचे आणि म्हाताऱ्या बायकांना गप्पांत गुंतवायचे. बाकीच्या बाया आपोआप बाहेर यायच्या, आम्ही आत मुलाखत उरकायचो. मामांच्या गप्पा एवढ्या रंगायच्या की मुलाखत संपली तरी सासवा उठायच्या नाहीत.

एकदा मी लवकर बाहेर आले, तर ओट्यावर सगळ्या चिडीचूप. मामा सांगत होते, "माझी लेक बी अशीच. बाळंत झाली आन् पाय सुजले. आमी म्हणलं, बाळंतिणीचे सुजतातच. डोकं दुखतंय म्हणली, तर आमी म्हणलं, वारं लागलं आसंल, कानाला बांध. तुमी तसं म्हणू नका. पाय सुजले, डोकं उठलं, की उचलायचं आन् दवाखाना गाठायचा. मागनं रडून काय उपेग?"

मला बघून ते उठले आणि जीपची काच पुसायला लागले, जी सकाळीच पुसली होती. "ताई, म्या काय सर्व्हेतला माणूस न्हाय," म्हणाले. "मला कुणी आरसा म्हणलं न्हाय." मी गायकवाड सरांना काही सांगितलं नाही. का सांगू?

*

मुलाखत दिल्याबद्दल बायांना भेट द्यायची होती. पुण्यात मीटिंग झाली आणि ठरलं, स्टीलची पाण्याची बाटली! छान, चकचकीत, एक लिटरची.

आता आमच्याकडं बाळंतिणीला पाणी देत नाहीत. म्हणजे देतात, पण घोटभर. पोट सुटतं म्हणतात, बाळाला सर्दी होते म्हणतात. उन्हाळा असो, नाहीतर अजून काही. ओठ सुकलेल्या, लघवीला जळजळ होणाऱ्या बाया मी मोजायच्या सोडून दिल्या. आणि त्यांच्या हातात आम्ही काय दिलं, तर बाटली. पाणी प्या असं सांगायचं नाही हं! नुसती बाटली. ह्याला म्हणतात संशोधन!

एका पोरीनं बाटली उलटीपालटी करून बघितली. मला म्हणाली, "बाई, ह्याचं म्या काय करू?"

प्यायला पाणी भर, मन भरेस्तोवर पी, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "तुमची मर्जी."

पुढच्या फेरीला गेले, तर सासरे बाटली घेऊन शेतात निघालेले. एका घरी त्यात गोडंतेल होतं. एका घरी दळणाचे सुटे पैसे. एका सासूनं मात्र ती काचेच्या कपाटात मुलाच्या कबड्डीच्या ढालीशेजारी मांडून ठेवली होती आणि ती बाळंतीण खाटेवर पडल्या पडल्या तिच्याकडं बघत होती.

हे मी जीपमध्ये रागारागानं सांगत होते. शबाना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी तर सांगते बाई." आणि लगेच, "म्हणजे सांगावंसं वाटतं, असं म्हणत होते." मी म्हटलं, "मलाही वाटतं." दोघींनी तिथंच विषय बदलला.

*

आता गायकवाड सरांचा किस्सा. हा माणूस भलता कडक. पॅन्टची इस्त्री कडक, आवाज कडक, नियम त्याहून कडक. आम्ही कुठं सल्ला देतो का हे पकडायला ते मधूनच अचानक यायचे आणि मुलाखतीत कोपऱ्यात बसून राहायचे.

एकदा असेच आले. तुळजापूरकडचं गाव, पत्र्याची खोली, दार बंद, खिडकी बंद. बाजेखाली शेगडी पेटलेली, तिच्यात ओवा, शेपा, काय काय टाकलेलं. बाळंतिणीला शेक हवा ना! धूर असा, की मला टॅबवरची अक्षरं दिसेनात. बाळ खोकत होतं. तेवढंसं लेकरू, त्याला खोकायला तरी काय जोर असणार? नुसतं कुईकुई करत होतं.

बाळंतिणीनं मला विचारलं, "बाई, लेकरू लई खोकतंय. शेगडी भायेर ठेवू का?"

मी गायकवाड सरांकडं बघितलं. ते पत्र्याकडं बघत होते. मी टॅबकडं बघितलं. टॅब म्हणाला, पुढचा प्रश्न. बाळ परत खोकलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते सगळं धुराचं होतं असं मी म्हणणार नाही.

एकाएकी गायकवाड सर ओरडले, "ओ मावशी! मला दम्याचा त्रास आहे! ती शेगडी आधी बाहेर न्या आणि दार उघडा! माझा जीव घेता काय?"

सासू घाबरली. शेगडी अंगणात, दार सताड उघडं, खिडकीसुद्धा उघडली. वर सर दारातून बजावून आले, "मी परत कधीही येईन. मला धूर चालत नाही!"

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हा सल्ला नव्हता. ही माझी वैयक्तिक तक्रार होती. लक्षात आलं?"

"हो सर."

जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी सिगारेट पेटवली.

*

अश्विनीचं गाव नळदुर्गच्या पुढं, हायवेवरून आत. नर्स नसलेलं गाव. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच होती. नवरा हायवेवरच्या ढाब्यावर कामाला. घरात सासू, एक नुकतीच लग्न होऊन आलेली जाऊ, अश्विनी आणि तिची दोन लेकरं.

मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली. पहिल्या फेरीला हसून बोललेली पोरगी, पण आज तोंड फुगलेलं, डोळे बारीक झालेले. डोक्याला ओढणी करकचून बांधलेली.

मी प्रश्न वाचायला लागले.

"डोकं सतत दुखतं का?"

"दुखतं. फुटतंय."

हो वर बोट ठेवलं.

"डोळ्यांपुढे अंधारी येते का?"

"येती. तुमचं तोंड बी नीट दिसंना."

हो.

"हातापायांवर, चेहऱ्यावर सूज आहे का?"

तिनं नुसता पाय पुढं केला. हो.

आणि टॅबवर काय आलं सांगू? 'धन्यवाद. पुढील विभाग : घरातील वस्तू. आपल्या घरी फ्रिज आहे का?'

देवाशपथ सांगते, मी तो प्रश्न वाचला. सवयीनं वाचला. "फ्रिज आहे का?" आणि ती बिचारी म्हणाली, "न्हाय. ढाब्यावर हाय."

मी अंगणात येऊन गायकवाड सरांना फोन लावला. ते म्हणाले, "थांबा, पुण्याला विचारतो." थांबले. परत फोन आला. "मोठे सर मीटिंगमध्ये आहेत. कमिटीला मेल टाकलाय. तुम्ही काही बोलू नका." आवाज कडक, पण शेवटी जरा फाटला. आतून सासूचा आवाज आला, "दिष्ट लागली हो बाई, मीठमोहऱ्या ओवाळल्यात, संध्याकाळपतुर उतरंल."

माझं डोकं फिरलं. मी आत गेले, टॅब बाजेवर आपटला आणि म्हटलं, "मावशी, दृष्ट नाही, बीपी आहे हे! हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं!"

सासू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सव्वा महिना झाल्याबिगर ओली बाळंतीण उंबरा वलांडत न्हाय. आन् तुमी तर नुसतं इचारायला येता न्हवं? मंग इचारा आन् जावा की!"

हे शब्द असे लागले मला! बरोबरच बोलली ना ती? मग मीही आवाज चढवला. "तुम्हाला सून पाहिजे का सव्वा महिना पाहिजे, ते सांगा! तिला काही झालं, तर ह्या तान्ह्या लेकराला तुम्ही अंगावर पाजणार आहात का?" असलं बोलणं माझ्या तोंडून माझ्या आईनं ऐकलं असतं, तर तोंडावर मारलं असतं. सासू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. नवी आलेली जाऊच धिटाईनं उठली आणि अश्विनीला काखेत धरून उभं केलं.

जीपमध्ये स्टाफशिवाय कुणाला घ्यायचं नाही असाही एक नियम होता. दत्तूमामांनी मला काही विचारलं नाही. मागचं दार उघडून ठेवलं होतं आणि गाडी चालू होती.

वाटेत अश्विनीला झटका आला. तोंड वाकडं, हात ताठ. जाऊ किंचाळत होती, मी अश्विनीला कुशीवर धरून ठेवलं, मामा हॉर्नवरचा हात काढत नव्हते. सरकारी दवाखान्याच्या दारातच डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. आम्ही तिथंच फरशीवर बसलो. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "लेकरू कुणापाशी हाय?"

वाचली. बरी झाली. आणि कमिटीचं उत्तरही आलं, दोन दिवसांनी. 'प्रकरण संवेदनशील आहे. कृपया अधिक माहिती पाठवावी.'

गायकवाड सरांनी फोनवर विचारलं, "तुम्ही तिथं काही बोलला तर नाहीत ना?"

"नाही सर."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "जेवलात का तुम्ही?"

पुढच्या फेरीला सासूनं मला आत बसवून चहा दिला. अश्विनी ताजीतवानी. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, माझ्या जावंला दिवस गेलेत. पलीकडच्या गावात नर्स येती म्हणं घरी. आमच्याकडं कवा येणार? दर येळंला तुमी थोडंच घावणार?"

मी म्हटलं, "अभ्यास संपू दे. नर्सचा फायदा दिसला, की सगळ्या गावांना मिळणार."

"दिसंल की!" ती म्हणाली. "फायदा न दिसायला काय झालं?"

*

अभ्यास संपला. निकाल सांगायचा कार्यक्रम धाराशिवलाच, एका मोठ्या हॉलमध्ये. पुढच्या रांगेत साहेब लोक, मागं गावागावांतून आणलेल्या बाया. अश्विनी आली होती, पोरगं कडेवर. शेजारी तिची जाऊ, चांगली पोटुशी. सासूनंच दोघींना पाठवलं होतं म्हणे, नर्स कधी येणार ते नक्की विचारून या म्हणून.

मोठे सर बोलायला उठले. पडद्यावर दोन खांब आले. निळा खांब नर्स गेलेल्या गावांचा. केशरी खांब नर्स न गेलेल्या गावांचा. खांब जितका उंच, तितक्या बाया बऱ्या.

दोन्ही खांब सारखेच उंच.

"निष्कर्ष स्पष्ट आहे," सर म्हणाले. "घरी नर्स पाठवली काय अन् न पाठवली काय, फरक पडत नाही. म्हणून ही योजना पुढे नेऊ नये, अशी आमची शिफारस आहे."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शबानानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक.

"तू बी?" ती पुटपुटली.

"तूही?" अश्विनीनंतर मीही घरोघर सांगत सुटले होते.

"सगळ्या घरांत," ती म्हणाली. "एक घर सोडलं नाही मी. मला वाटलं, मी एकटीच!"

मागच्या खुर्चीवर दत्तूमामा डोक्याला हात लावून बसलेले. अरे, काय केलं हे आम्ही! नर्सचं काम आम्ही चोरून केलं, म्हणून नर्स नको ठरली! मी उठले, हात वर केला. पण माइक माझ्याकडं आला नाही. तो आधीच अश्विनीकडं गेला होता.

"सायेब, त्यो केशरी खांब म्हंजी आमचं गाव न्हवं?"

"हो ताई. जिथं कुणीच गेलं नाही ती गावं."

"कुणी गेलं न्हाय कसं? ह्या बाई आल्या की!" तिनं सरळ माझ्याकडं बोट केलं, आणि कौतुकानं केलं. "माझं डोकं उठलं व्हतं, ह्यांनी सासूला दम भरला आन् जीपीत घालून नेलं. ह्या नसत्या तर म्या हितं उभी न्हवते!"

तिचं ऐकून दुसरी उठली. "आमच्याकडं ही रुमालवाली बाई यायची. लई समजावून सांगायची." तिसरी म्हणाली, "आमाला तर त्या डायवरमामांनी सांगितलं." बाया एकेक करून उठायला लागल्या. त्यांना वाटत होतं, आमचं कौतुक होतंय. एकजण तर टाळ्या वाजवायला लागली.

मोठ्या सरांनी गायकवाड सरांकडं बघितलं. गायकवाड सर उठले. आवाज कडकच होता. "सर, नियम मोडला गेला. आम्ही सगळ्यांनी मोडला, मीसुद्धा. त्या गावांत नर्स गेली नाही, पण नर्सचं काम झालं. तो खांब केशरी नाही सर. तोही निळाच आहे. शिफारस उलटी लिहावी लागेल."

पहिल्या रांगेतले एक साहेब घड्याळ बघून उठले, त्यांच्या मागं बाकीचे. बाजूच्या खोलीत जेवणाची पानं मांडली होती. मोठ्या सरांनी माइकवर हात ठेवला, पण आम्हाला ऐकू आलं.

"गायकवाड, रिपोर्ट छापून झालाय."

अश्विनी अजून उभीच होती. जावेला पुढं घेऊन तिनं विचारलं, "सायेब, ते ऱ्हाऊ द्या. हिचे दिवस भरत आलेत. आमच्या गावात नर्स कवा येणार?"

सरांनी माइकवरचा हात काढला. "ताई, तुमच्या गावाला नर्सची गरज नाही, असं सिद्ध झालंय."

"का वं?"

"का म्हणजे?" सर प्रेमानं म्हणाले. "तुम्ही सगळ्या बऱ्या आहात ना!"